मोठ्या एसयूव्हीचे ब्रेक कमी पैशात सुधारायचेत? आधी मागचा ड्रम उघडा

गेल्या साली तुळशीची लग्नं उरकली आणि माणसांची सुरू झाली, त्यातलं एक सावंतवाडीला होतं. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली असा नेहमीचा रस्ता. गाडी आमची जुनी स्कॉर्पिओ, एमहॉक इंजिनवाली, आत सात माणसं, वर कॅरिअरला बॅगा आणि आहेराच्या भांड्यांचं एक खोकं. आंबोलीचा मोठा धबधबा मागं टाकला आणि त्याच्या खालच्या वळणांवर कुठंतरी पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. ब्रेक लागला, नाही असं नाही, पण लागायला हवा तिथं नाही लागला. परत दाबलं तर वर आलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काहीतरी करपल्याचा वास येतोय रे." गाडी कडेला घेतली, पुढच्या चाकांजवळ हात नेला तर तव्यासारखी धग. अर्धा तास तिथंच माकडं बघत बसलो आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी खाली उतरलो.

घरी आल्यावर आपण करतो तेच केलं, चार ठिकाणी विचारलं. एका ॲक्सेसरीजवाल्यानं सरळ मोठ्या डिस्कची किट दाखवली, लाल रंगाचे कॅलिपर, भोकं पाडलेली डिस्क, फिटिंगसकट साठ हजाराच्या आसपास. गाडीचीच किंमत आता काय उरलीय, त्यात साठ हजार ब्रेकला घालायचे म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं. मग उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी किटचं नावसुद्धा ऐकून घेतलं नाही, एवढंच विचारलं, "मागचा ड्रम शेवटचा कधी उघडलाय?" मला आठवेना. ते म्हणाले, "मग आधी तो उघडू, बाकीचं नंतर बोलू."

हे सगळं लिहितोय ते त्या एका प्रश्नामुळं. स्कॉर्पिओ, बोलेरो, जुनी सफारी, अशा पुढं डिस्क आणि मागं ड्रम असलेल्या वजनदार गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यासाठी हे आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडमध्ये आवळतो; ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात. कंपनीनं दिलेलं आहे ते आधी शंभर टक्के कामाला लावायचं आणि मग त्यातले झिजणारे पार्ट एकेक पायरी चांगल्या दर्जाचे घालायचे, एवढंच करायचं. दहा-पंधरा हजारांत गाडी ओळखू येत नाही इतका फरक पडतो.

ब्रेक करतो काय तर गाडीच्या वेगाची उष्णता करून हवेत सोडतो. माणसं-सामान धरून अडीच टनाची गाडी ताशी ८० वरून पूर्ण थांबवली की सुमारे ६१७ किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी १०० वरून थांबवली तर ९६४. वेग सव्वापट, उष्णता दीडपटीच्या वर, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. आता घाट बघा. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर, तिथून सावंतवाडीच्या अंगाला उतरताना आपण सहाशेक मीटर खाली येतो. अडीच टन सहाशे मीटर खाली आणायचे म्हणजे १४,७०० किलोज्यूल कुठंतरी जिरवायचे, म्हणजे ८० वरून चोवीस वेळा कचकन गाडी थांबवण्याइतकी उष्णता, आणि तीही वळणावळणाच्या उतारावर, जिथं वेग कमी म्हणून गार वारापण कमी. यातला मोठा वाटा इंजिननं घ्यायला पाहिजे, म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं असं जुने ड्रायव्हर सांगतात. मी त्या दिवशी गप्पांच्या नादात चौथ्यात होतो. ही चूक माझी, गाडीची नाही, आणि हिच्यावर कुठलीच किट चालत नाही. न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणारे महाभाग अजून आहेत, त्यांना तर हात जोडावेत, कारण इंजिन बंद म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम बंद, दोन-चार वेळा दाबलं की पेडल दगड होतं.

पैसे काढायच्या आधी पेडल काय सांगतंय ते ऐका. स्पंजासारखं दबतंय म्हणजे ब्रेक ऑईलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा ते ऑईल उकळून वाफ झालीय. पहिल्या दाबाला खूप खाली जातंय आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतंय, हे बहुतेक वेळा मागच्या शूचं ॲडजस्टमेंट गेल्याचं लक्षण. पेडल कडक आहे, जोर लावताय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत नाहीतर बूस्टर किंवा व्हॅक्यूमची भानगड. ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरतंय तर पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नाही. एका बाजूला ओढतेय तर एका चाकाचा कॅलिपर जाम आहे किंवा एखादा रबरी पाइप आतून फुगलाय. आणि पेडलवर पाय नुसता ठेवून धरला की ते हळूहळू खाली बसत जातंय आणि बाहेर कुठं गळतीही नाही, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलचा जोर ऑईलच्या दाबात बदलणारा सिलिंडर) रबर गेलेत. तिथं घरगुती प्रयोग नकोत, गाडी टो करून न्या.

बूस्टरची टेस्ट फुकट आहे, घरच्या पार्किंगमध्ये करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. मग तसंच दाबून धरून चावी मारा. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर ठीक. नाही सरकलं तर व्हॅक्यूमचा पाइप कुठं चिरलाय का बघा, डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागंच बसवलेला असतो, तोही तपासून घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या चिरलेल्या पाइपापायी पॅड, डिस्क सगळं बदलून बसलेला एक जण आमच्याच कॉलनीत आहे.

आता ड्रम. मागचा ड्रम कुणी उघडत नाही याला कारण आहे. पुढचे पॅड चाकाच्या फटीतून दिसतात, सर्व्हिसिंगला दहा मिनिटांत काढता येतात. ड्रम मात्र चाक काढून, ठोकून, गंज फोडून काढावा लागतो, धूळ उडते, हात काळे होतात आणि बिलात त्याचे दोनशे रुपये लावले की गिऱ्हाईक भांडतं. म्हणून 'मागचं ओके आहे साहेब' एवढं कानावर येतं आणि आपणही खूश. पण मागचे शू काम करेनासे झाले की सगळा भार पुढच्या डिस्कवर जातो, त्या जास्त तापतात, पॅड लवकर झिजतात, आणि आपण पुढच्या पॅडला शिव्या घालत बसतो.

काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट. ब्रेकला कधी हातच लावलेला नसेल तर हे वाचून मिस्त्रीशेजारी उभे राहा आणि त्याच्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. स्वतः करणार असाल तर जमीन सपाट पाहिजे, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, कारण ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, खाली लोखंडी स्टँड पाहिजेतच. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या, वर उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरत बसतं.

ड्रम सहजी निघाला तर नशीब. नाही निघाला तर त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं आहेत का बघा, बऱ्याच ड्रमना असतात. त्यात योग्य मापाचे दोन बोल्ट घालून आलटून-पालटून थोडेथोडे आवळत गेलात की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. कडेवर घण घालू नका, बिडाचा ड्रम असतो, कड तुटली की गेला. आतली धूळ हवेनं उडवायची नाही हे मात्र नक्की पाळा, आपल्याकडचे गॅरेजवाले सर्रास काँप्रेसरची नळी धरतात आणि सगळी पूड नाकात जाते. स्वस्त लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारा नाहीतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि ते फडकं टाकून द्या.

माझ्या गाडीत काय निघालं ते सांगतो. डावीकडच्या व्हील सिलिंडरचं (शूंना बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण बोटानं उचललं तर आतून ऑईलचा ओघळ आला, शूचा खालचा भाग त्या ऑईलनं काळाकुट्ट आणि तुपकट झालेला. उजवीकडं गळती नव्हती पण लायनर आरशासारखं चकाकत होतं आणि ॲडजस्टरची दातेरी चकती गंजून एकजीव झालेली, पान्यानं धरून फिरवली तरी हलेना. म्हणजे शू झिजत गेले आणि त्यांना पुढं सरकवणारं कुणी उरलंच नाही. मिस्त्रींनी शू हातात घेऊन मला दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, मागचा ब्रेक तुमचा सुट्टीवर होता." दोन वर्षं मी पुढच्या दोन चाकांवर अडीच टन थांबवत होतो.

करायचं काय तर, ऑईल लागलेले शू पुसून, घासून, जाळून परत वापरायचे नाहीत, लायनर ऑईल पितं आणि तापलं की परत सोडतं. शूचा पूर्ण सेट दोन्ही चाकांचा एकदम बदला, एका बाजूचाच कधी नाही. व्हील सिलिंडरला नुसतं रबर किट टाकता येतं पण आतल्या नळीला गंजाचे खड्डे पडले असतील तर किट महिनाभरात परत गळतं, सिलिंडर नवाच घ्या, फार महाग नसतो. ड्रमला आत कड आली असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या, पण जास्तीत जास्त किती व्यास चालतो ते ड्रमवरच कोरलेलं असतं, त्यापुढं गेला तर भंगारात. ॲडजस्टर सोडवून, वायर ब्रशनं आटे साफ करून, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर येईल इतकंच. शू जिथं मागच्या पत्र्यावर घासतो त्या उंचवट्यांवरही तेवढंच. लायनरला ग्रीसचा हात लागला तर केलेलं सगळं पाण्यात.

जोडल्यावर ॲडजस्टर फिरवत जायचं, ड्रम हातानं फिरवताना अडकायला लागला की थोडं मागं घ्यायचं, कानाला बारीक खरखर ऐकू येईल आणि हाताला अडणार नाही इतकं. मग पेडल दोन-चारदा दाबा, शू मध्यावर बसतात, परत तपासा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, हँडब्रेक वर येतोय म्हणून केबल आवळतात आणि आतलं ॲडजस्टमेंट तसंच ढिलं राहतं. एवढं झाल्यावर माझं पेडल, खरं सांगतो, जवळजवळ निम्म्यानं वर आलं, आणि अजून पुढच्या चाकांना हात लावला नव्हता.

पुढं डिस्कच्या बाजूला सगळ्यात दुर्लक्षित चीज म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना. कॅलिपर या पिनांवर मागं-पुढं सरकतो म्हणून दोन्ही बाजूंचे पॅड सारखे दाबतात. पिना सुकल्या की आतला पॅड झिजून पत्रा होतो आणि बाहेरचा तसाच नवा राहतो. पॅड काढल्यावर दोन्हींची जाडी शेजारी-शेजारी धरून बघा, फरक डोळ्याला दिसला तर पिना गेल्या समजा. पिना पुसून, बारीक वॉटर पेपर फिरवून, सिलिकॉनवालं ब्रेक ग्रीस लावायचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस अजिबात नको, त्यानं रबरी बूट फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट होते. कॅलिपर काढला की तो पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवा. पिस्टन मागं ढकलताना मास्टर सिलिंडरच्या डब्यातलं ऑईल वर चढतं आणि सांडतं, आधी सिरिंजनं थोडं काढून घ्या. बॉडीवर पडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं ते.

पॅड कुठले घ्यायचे हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं मत साधं आहे, कंपनीचे ओरिजिनल किंवा राणे, बॉश, फेरोडो असल्या नावांतलं काहीही घ्या पण बिलावर घ्या. आपल्या बाजारात हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेट माल एवढा आहे की दुकानदार 'तोच माल, बिल नको, चारशे कमी' म्हणाला की उठून यावं. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला काही वेळा दोन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो, एफएफ, जीजी असा. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं आणि दुसरं तापल्यावर किती ते. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात फिरणाऱ्या जड गाडीला किमान एफएफ बघा, आणि दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार हे लक्षात घ्या. रेसिंगचे पॅड घेऊ नका, ते गरम झाल्याशिवाय पकडतच नाहीत, आणि सकाळी गल्लीतून बाहेर पडताना समोर पोरगं आलं तर ब्रेक गारच असतो.

डिस्क बदलायची का? कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, मिस्त्रीकडून मायक्रोमीटरनं मोजून घ्या. व्हर्नियर लावला तर बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर अडकतो आणि खोटा आकडा दाखवतो. जाडी शिल्लक आहे आणि नुसते ओरखडे आहेत तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे वरचा थर तासून सपाट करून, चालतं, आमच्या उद्यमनगरात हे काम करणारे पावलोपावली आहेत. पण फेसिंगनंतर जाडी त्या आकड्याच्या जवळ जात असेल तर पैसे वाचवू नका, पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी, घाटात ती आधी तापणार. नवी साधी, आतून फटी असलेली डिस्क घ्या. भोकं पाडलेली डिस्क दिसायला भारी पण त्या भोकांच्या कडेपासून चिरा जातात आणि जड गाडीत लवकर जातात. बसवण्याआधी नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं धुवा, आणि हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशनं चकचकीत करा. गंजाचा एक खवला खाली राहिला तरी डिस्क तिरकी फिरते आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर स्टेअरिंग थरथरायला लागतं, मग आपण म्हणतो डिस्क डुप्लिकेट निघाली. चाकाचे नटसुद्धा गोल क्रमानं नाही, समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर. पंक्चरवाल्याची हवेची गन त्या कामाची नाही.

ब्रेक ऑईल हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड, अर्धा लिटर डॉट ४ तीन-चारशे रुपयांच्या घरात मिळतं (डॉट ही ब्रेक ऑईलची प्रतवारी). हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की उकळायचं तापमान धाडकन खाली येतं. डॉट ३ नवं असताना कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जातं, माझं गेलं त्यात मागच्या शूबरोबर याचाही हात असणार. आपल्याकडं कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने भिंतींना बुरशी येते तिथं ऑईल काय कोरडं राहणार. दोन वर्षांनी बदला, रंग बघत बसू नका. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, ५.१ पण चालतं, पण नुसतं 'डॉट ५' लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डबा सीलबंद आणि नवा, गॅरेजच्या फळीवरचा अर्धा वापरलेला नको.

बदलायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाजवळ, मी बायकोला बसवलं आणि अर्ध्या तासात आमचं भांडण झालं कारण 'दाब' आणि 'धर' यातला फरक आधी ठरवला नव्हता. तर आधी ठरवून घ्या. डब्यातलं जुनं काळं ऑईल सिरिंजनं काढा, नवं भरा. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत साधारण डावं मागचं, मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं, मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. चाकाजवळच्या निप्पलला, म्हणजे ऑईल सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑईलमध्ये बुडवा. आत बसलेल्यानं पेडल दाबून धरायचं, बाहेरच्यानं निप्पल पाव आटा सोडायचं, ऑईल येईल, निप्पल बंद, मग 'सोड'. निप्पल बंद व्हायच्या आधी पाय उचलला की हवा उलटी आत. पेडल पार तळापर्यंत ठोकू नका, जुन्या मास्टर सिलिंडरचं रबर न वापरलेल्या खरबरीत भागावर घासून फाटतं, पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवा. दर आठ-दहा दाबांनी डब्याकडं बघा, डबा रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून, आणि एबीएसवाल्या (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत हवा मॉड्युलमध्ये शिरली तर स्कॅनर लावल्याशिवाय निघणार नाही. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑईल आलं की पुढचं चाक.

हे करतानाच चाकांजवळचे रबरी पाइप वाकवून बघा. चिरा दिसल्या, फुगवटा दिसला किंवा आठ-दहा वर्षं झाली असतील तर सगळे बदला. स्टीलच्या जाळीचे पाइप घातले तर पेडल थोडं घट्ट वाटतं पण थांबायचं अंतर त्यानं कमी होत नाही, साधे नवे ओरिजिनल बास झाले.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळवून घेईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, ही जुळवणी न केल्यामुळं 'नवे टाकले तरी फरक नाही' म्हणणारे बरेच. पहाटे मोकळा रस्ता बघा, मागं कुणी नाही याची खात्री करा. ६० पर्यंत न्या, बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावून १० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत ६०, मध्ये अर्धा मिनिट चालू द्या. असं आठ-दहा वेळा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवून गार करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा तिथंच चिकटतो. आणि घाटातून उतरल्यावर पाण्याची बाटली चाकावर ओतणाऱ्या काकांना थांबवा, तापलेलं बीड गार पाण्यानं तडकतं.

टायर हा ब्रेकचाच भाग आहे. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक आहे पण टायर आठ वर्षांचा आहे तर ओल्या रस्त्यावर तो साबणच. आणि हौसेनं मोठे टायर टाकणाऱ्यांनी हिशेब करावा, २३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर, २४५/७५ आर १६ चा ७७४. पाच टक्के मोठं चाक म्हणजे तेवढ्याच ब्रेकला पाच टक्के कमी जोर मिळणार, शिवाय टायरचं वजन वेगळंच. गाडीची मागची बाजू उचलली असेल तर आणखी एक गोम आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते, ती वर एका व्हॉल्व्हला जाते. मागं सामान भरलं, गाडी बसली की व्हॉल्व्ह समजतो वजन आहे, मागं जास्त दाब सोडतो. स्प्रिंगखाली गुटके घालून मागचं उचललं की व्हॉल्व्हला कायम रिकामी गाडीच वाटते आणि मागचा ब्रेक कायम कमी. स्प्रिंगचं काम झालं की त्या दांडीचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणं करून घ्यायचं.

मागं ड्रम काढून डिस्क बसवायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला, मिस्त्रींनी हाणून पाडला. मास्टर सिलिंडर ड्रमच्या हिशेबानं असतो, पुढचं-मागचं प्रमाण ड्रमच्या हिशेबानं असतं, हँडब्रेक ड्रममध्ये असतो. एक बदललं की तिन्ही बदलायचे, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला अडवतं, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याच्या हातात आयतं कोलीत. कंपनीच्या मापाचे पॅड, शू, डिस्क, ऑईल यात हा प्रश्नच येत नाही.

पैसे सगळे एकदम नसतील तर पहिल्या महिन्यात ऑईल, पिनांचं ग्रीस आणि ड्रम उघडून साफसफाई-ॲडजस्टमेंट, हे दीड-दोन हजारांत बसतं. मग शू आणि व्हील सिलिंडर. मग पुढचे पॅड, दीड ते तीन हजार. डिस्कची जोडी सगळ्यात शेवटी, तीही मोजून गरज असेल तरच. माझं सगळं मिळून मजुरीसकट बारा हजारांच्या आत झालं, डिस्क फेसिंगवर भागल्या म्हणून.

शेवटी एक हजार-बाराशेची तापमान मोजायची गन घेतली, ही चैन मात्र करावी. घाट उतरल्यावर चारही चाकांवर एकाच जागी, रिमच्या मधोमध मारायची, चकचकीत डिस्कवर मारली तर आकडा खोटा येतो. पुढची दोन्ही एकमेकांच्या जवळपास आणि मागची दोन्ही एकमेकांच्या जवळपास पाहिजेत, पुढची मागच्यापेक्षा जास्त तापणारच. मागच्या महिन्यात परत आंबोली उतरलो, तेवढीच माणसं, दुसरा गिअर, पेडल वरच्या वर. खाली दाणोलीत चहाला थांबलो आणि गन काढली. पुढची दोन्ही सारखी. मागचं उजवं ठीक, डावं त्याच्यापेक्षा पंधरा अंश जास्त. हँडब्रेकची केबल डावीकडं पूर्ण सुटत नाहीये बहुतेक, येत्या रविवारी परत ड्रम उघडतोय.